रैणीचे जंगल राखणाऱ्या गौरादेवी



जुलैचा पहिला आठवडा म्हणजे वनमहोत्सव. १९५० साली त्यावेळचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो देशभर सुरू केला आणि तेव्हापासून शाळाशाळांतून तो साजरा होत आला आहे. आपल्याकडेही होतो. खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात, पाहुणे येतात, रोपे लावली जातात, फोटो निघतात, मुलांना खाऊ मिळतो. कार्यक्रम चांगलाच आहे. परंतु लावलेल्या रोपांपैकी पुढच्या जुलैपर्यंत किती जगली, हे आम्ही आजवर कधी मोजले नाही, ही गोष्ट येथे कबूल केली पाहिजे.

म्हणून यंदा आम्ही रोपे लावणाऱ्यांची नव्हे, तर उभे जंगल वाचविणाऱ्या एका बाईंची जीवनकथा सांगणार आहोत. त्यांचे नाव गौरादेवी. ४ जुलै १९९१ रोजी, म्हणजे बरोबर वनमहोत्सवाच्याच आठवड्यात, त्यांचे निधन झाले. चिपको आंदोलनाचे नाव आज पाचवी-सहावीच्या मुलांनाही ठाऊक असते. झाडाला मिठी मारलेल्या बायकांचे चित्र पुस्तकात असते. पण त्या बायकांना एकत्र करणारी बाई कोण होती, ती काय खात-पीत होती, तिने आधी काय केले होते आणि पुढे तिचे काय झाले, हे मुलांना विचारले तर उत्तर येत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आम्ही शाळेत होतो त्या सगळ्या वर्षांत गौरादेवी हयात होत्या, आणि तरीही आमच्या कोणत्याही धड्यात त्या आम्हाला भेटल्या नाहीत. ती उणीव थोडी भरून काढावी, हाही या लेखाचा एक हेतू आहे.

लाता आणि रैणी

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून बद्रीनाथची यात्रा करून आलेले आजी-आजोबा पुष्कळ आहेत. देवी अहिल्याबाईंनी बद्री-केदारच्या यात्रेकरूंची सोय केली होती, त्यामुळे त्या वाटेशी आपल्या गावाचा जिव्हाळा जुना आहे. त्या वाटेवर जोशीमठ लागते. त्याचे सरकारी नाव आता ज्योतिर्मठ झाले आहे. यात्रेकरू तेथून बद्रीनाथकडे जातात. पण जोशीमठहून दुसराही एक रस्ता निघतो, तो धौलीगंगेच्या काठाने नीती खोऱ्यात, तिबेटच्या सीमेकडे जातो. त्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर गेले की रैणी हे छोटे गाव येते. नंदादेवी शिखराच्या बाजूने उतरणारी ऋषिगंगा येथेच धौलीगंगेला मिळते. हा भाग आज उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आहे. गौरादेवींच्या काळी तो उत्तर प्रदेशात होता.

गौरादेवींचा जन्म १९२५ साली रैणीजवळच्या लाता गावात एका भोटिया कुटुंबात झाला. भोटिया लोक शेळ्या-मेंढ्या पाळीत, लोकर कातीत, विणीत, आणि उन्हाळ्यात घाट ओलांडून तिबेटशी व्यापार करीत. इकडून धान्य जाई, तिकडून मीठ आणि लोकर येई. अशा घरातल्या मुलींना शाळा नव्हती. गौरादेवी शाळेत गेल्या नाहीत. मेंढ्या, लोकर, शेत आणि जंगल हेच त्यांचे शिक्षण होते.

त्या काळच्या रीतीप्रमाणे बारा वर्षांच्या असतानाच त्यांचे लग्न रैणी गावात झाले. बावीसाव्या वर्षी पती वारले. पदरात अडीच वर्षांचा मुलगा होता. घरी वृद्ध सासू-सासरे होते. येथे आपण जरा थांबून विचार करावा. बावीस वर्षांची विधवा मुलगी, डोंगरातले गाव, लहान मूल आणि दोन म्हातारी माणसे. गौरादेवींनी नांगराला हात लावण्याच्या कामासाठी इतरांची मनधरणी केली, बाकी सर्व कामे स्वतः केली, लोकरीचा धंदा सांभाळला, मुलाला वाढविले आणि सासू-सासऱ्यांची शेवटपर्यंत सेवा केली. पुढे मुलगा हाताशी आला तेव्हा घराची जबाबदारी त्याच्यावर आली आणि त्या गावच्या कामांत लक्ष घालू लागल्या.

सीमेवरची उलथापालथ

१९६२ साली चीनशी युद्ध झाले आणि तिबेटचा व्यापार एकाएकी बंद पडला. पिढ्यान्‌पिढ्यांचे उपजीविकेचे साधन गेले. त्याच वेळी सीमेकडे सैन्य आणि सामान नेण्यासाठी रस्ते होऊ लागले. देशाच्या रक्षणासाठी रस्ते लागणारच. गावकऱ्यांनी त्यासाठी जमिनीही दिल्या. पण ज्या रस्त्याने सैन्याच्या गाड्या आल्या, त्याच रस्त्याने लाकडाच्या ठेकेदारांचे ट्रकही आले. ज्या जंगलांपर्यंत पूर्वी खेचर पोहोचणेही कठीण होते, तेथून आता ओंडके सहज खाली नेता येऊ लागले.

ही पद्धत कशी होती तेही समजून घ्यावे. जंगल सरकारी होते. जंगलखाते तोडायच्या झाडांवर खूण करी, त्या झाडांचा शहरात लिलाव होई, लिलाव घेणारा ठेकेदार बाहेरून मजूर आणी आणि झाडे तोडून नेई. सरकारला महसूल मिळे, ठेकेदाराला नफा मिळे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गावाला यात विचारण्याची पद्धतच नव्हती. गावाला गवत, सरपण, पालापाचोळा यांचे थोडेफार हक्क होते. पण शेतीच्या अवजारासाठी एखादे झाड हवे असले तर अर्ज करावा लागे, आणि तो नामंजूरही होई.

याचे एक उदाहरण १९७३ साली घडले. गोपेश्वर येथे चंडीप्रसाद भट्ट यांनी १९६४ साली दशोली ग्राम स्वराज्य संघ ही सर्वोदयी विचारांची संस्था काढली होती. संस्थेतले कारागीर शेतीची अवजारे बनवीत. बैलांचे जू बनविण्यासाठी तेथे अंगू नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात, कारण ते हलके पण चिवट असते. संस्थेने जंगलखात्याकडे अंगूची झाडे मागितली, ती नाकारली गेली. आणि तीच झाडे अलाहाबादच्या एका खेळाचे सामान बनविणाऱ्या कंपनीला दिली गेली. शेतकऱ्याच्या जुवाला लाकूड नाही आणि रॅकेट-बॅटींसाठी आहे, हे लोकांना पटले नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी मंडल या गावी लोक ढोल वाजवीत जंगलात गेले आणि कंपनीच्या माणसांना परत जावे लागले. झाडाला मिठी मारून ते वाचवायचे, हा विचार याच सुमारास पुढे आला आणि चिपको हे नाव रूढ झाले.

पुराने शिकविलेला धडा

रैणीच्या लोकांना झाडांचे महत्त्व सांगायला बाहेरून कोणी यावे लागले, असे नाही. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला भयंकर पूर आला होता. बद्रीनाथच्या रस्त्यावरची बेलाकुची ही वस्ती त्यात नाहीशी झाली. यात्रेकरूंच्या बसगाड्या वाहून गेल्या, पूल तुटले, शेते गेली. खाली मैदानात गंगेचा कालवादेखील गाळाने भरला. पाणी ओसरल्यावर दशोलीच्या कार्यकर्त्यांनी हिंडून पाहिले, तेव्हा ज्या उतारांवरची झाडे तोडली होती तेथेच दरडी जास्त कोसळल्याचे त्यांना दिसले.

विज्ञानाच्या तासाला आपण हे शिकतो. झाडांची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. पानांमुळे आणि खाली साचलेल्या पाल्यामुळे पावसाचे पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि पुढे झऱ्यांतून बारा महिने मिळते. झाडे गेली की तेच पाणी माती-दगड घेऊन एकदम खाली येते. पुस्तकात हे चार ओळींत संपते. रैणीच्या बायकांना मात्र ते रोजच्या पायपिटीत कळत होते. सरपण, गवत आणि पाणी आणण्याचे काम त्यांचे. जंगल एक मैल मागे सरकले की त्यांची वाट एक मैल लांबे. शिवाय डोक्यावरच्या उतारावरची झाडे गेली तर खालचे घर राहणार नाही, हेही त्यांनी पुरात पाहिले होते.

१९७२ साली रैणीत महिला मंगल दल स्थापन झाले आणि गौरादेवी त्याच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते. गावाची सफाई, जंगलाची राखण, अडचणीत सापडलेल्या घराला मदत अशी ही साधी कामे होती. कोणाला त्यात आंदोलन वगैरे काही दिसले नसते. पण आमच्या मते गौरादेवींच्या जीवनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पुढे जो दिवस उजाडला, त्या दिवशी कोणाला बोलवायचे, कोण येईल, कोण कोणाचे ऐकेल, हे सर्व या दोन वर्षांत ठरून गेले होते.

२६ मार्च १९७४

१९७४ च्या जानेवारीत देहरादूनला रैणीच्या जंगलातल्या सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. ही बातमी कळताच चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी नीती खोऱ्यात गावोगाव फिरले, सभा घेतल्या. जोशीमठला मोर्चाही निघाला. झाडे तोडू द्यायची नाहीत असे गावांनी ठरविले. मजूर जोशीमठपर्यंत येऊन थांबले होते, पण लोक जागे असल्यामुळे पुढे जाण्याचे धाडस होत नव्हते.

मग २६ मार्चचा दिवस आला. सीमेच्या कामासाठी घेतलेल्या जमिनींची नुकसानभरपाई अनेक वर्षे रखडली होती. ती त्या दिवशी चमोलीला मिळणार, असे गावकऱ्यांना कळविण्यात आले. साहजिकच रैणी आणि आसपासच्या गावांतले पुरुष चमोलीला गेले. त्याच दिवशी जंगलखात्याचे वरिष्ठ अधिकारी भेटीसाठी गोपेश्वरला आले, त्यामुळे भट्टही तेथेच अडकून पडले. गावात राहिल्या त्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. आणि नेमके त्याच दिवशी ठेकेदाराची माणसे व जंगलखात्याचे कर्मचारी मजुरांना घेऊन निघाले. गावातून न जाता ते रैणीच्या अलीकडेच उतरले आणि ऋषिगंगेच्या कडेने जंगलाकडे चालू लागले.

एका लहान मुलीने त्यांना पाहिले. ती धावत गौरादेवींकडे गेली आणि तिने पाहिलेले सांगितले.

विद्यार्थी मित्रांनो, या मुलीकडे नीट लक्ष द्या. तिच्याजवळ पद नव्हते, ताकद नव्हती. काय चालले आहे हे तिला पूर्ण कळले असेल, असेही नाही. पण ही माणसे आपल्या जंगलाकडे चालली आहेत आणि हे कोणाला तरी सांगितले पाहिजे, एवढे तिला कळले. आणि पालकहो, गौरादेवींकडेही लक्ष द्यावे. त्यांनी त्या मुलीला खेळायला जा म्हणून परत पाठविले नाही. पुरुष येईपर्यंत थांबू, असेही म्हटले नाही. त्यांनी तिचे ऐकले आणि घरोघरी हाक दिली. हातातली कामे टाकून बायका निघाल्या. बायका आणि मुली मिळून त्या २७ जणी होत्या.

जंगलात पोहोचल्या तेव्हा मजूर मुक्कामाची आणि जेवणाची तयारी करीत होते. गौरादेवींनी त्यांच्याशी भांडण काढले नाही. हे मजूर गरीब होते, पोटासाठी दुरून आलेले होते, हे त्या जाणून होत्या. त्यांनी त्यांना भाऊ म्हणून समजाविले की हे जंगल आमचे माहेर आहे, येथून आम्हाला औषध, सरपण, फळे, भाजी मिळते, हे तोडले तर डोंगर आमच्यावर कोसळेल. जेवून घ्या आणि आमच्याबरोबर खाली चला, आमचे पुरुष आले की काय ते ठरवू, असेही सांगितले. लेकीबाळींना माहेर या शब्दात काय असते हे वेगळे सांगायला नको. सासरी कितीही काम असो, दुःख असो, जेथे हक्काने जाता येते ती जागा म्हणजे माहेर. बावीसाव्या वर्षी विधवा झालेल्या बाईंच्या तोंडी हा शब्द आला, याचा अर्थ आम्हाला फार मोठा वाटतो.

मजुरांना पटू लागले, पण ठेकेदाराची माणसे आणि कर्मचारी ऐकेनात. त्यांनी बायकांना धमकाविले, अपशब्द वापरले, सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल अटक करण्याची भीती घातली. त्यांच्यातला एकजण दारू प्यायलेला होता. त्याने बंदूक रोखली. गौरादेवी त्याच्यासमोर छाती पुढे करून उभ्या राहिल्या. आधी मला मारा, मग माझे माहेर तोडा, असा त्यांचा भाव होता. बाकीच्या बायकाही हलल्या नाहीत. बंदूक खाली आली. मजुरांनी सामान उचलायला सुरुवात केली आणि हळूहळू सर्वजण परत फिरले.

बायका एवढ्यावर घरी गेल्या नाहीत. जंगलाच्या वाटेवर दरड कोसळलेल्या जागी सिमेंटची एक फरशी टाकून जाण्यायेण्याची सोय केलेली होती. ती त्यांनी काढून टाकली, म्हणजे पुन्हा सहज वर जाता येऊ नये. मग रात्रभर त्या राखण करीत बसून राहिल्या. मार्चमधली डोंगरातली थंडी, अंगावर असतील तेवढे कपडे, आणि घरी मुले. दुसऱ्या दिवशी पुरुष व कार्यकर्ते परतले तेव्हा त्यांना ही हकिकत कळली.

विजयानंतर

बातमी लखनौला पोहोचली. मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा हे स्वतः गढवालचे. त्यांच्या सरकारने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सुमारे दोन वर्षे अभ्यास केला आणि रैणीच्या बायकांचे म्हणणे बरोबर आहे असाच निष्कर्ष निघाला. हा सर्व उतार नाजूक आहे, येथे तोड होता कामा नये. त्यानुसार ऋषिगंगा आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातल्या हजाराहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षे वृक्षतोड बंद करण्यात आली. पुढे १९८०-८१ च्या सुमारास इंदिरा गांधींच्या काळात उत्तर प्रदेशच्या पहाडी भागात १,००० मीटरपेक्षा उंचीवरची हिरवी झाडे व्यापारासाठी तोडण्यावर पंधरा वर्षांची बंदी आली. १९८० साली देशाचा वनसंरक्षण कायदाही झाला. या सर्वांमागे एकट्या रैणीचे नव्हे तर अनेक गावांचे आणि अनेक कार्यकर्त्यांचे श्रम होते. पण रैणीचा त्यात मोठा वाटा आहे.

चिपकोची कीर्ती देशाबाहेर गेली. चंडीप्रसाद भट्ट यांना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुंदरलाल बहुगुणा यांनी पदयात्रा करून हा विचार दूरवर नेला. १९८३ साली कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सलकणीच्या जंगलात लोकांनी याच मार्गाने अप्पिको आंदोलन सुरू केले. १९८६ साली गौरादेवींना भारत सरकारचा वृक्षमित्र पुरस्कार देण्यात आला, आणि १९८७ साली चिपको आंदोलनाला स्वीडनचा राईट लाईव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

येथे कथा संपविली असती तर ती गोड झाली असती. पण मुलांना अर्धी गोष्ट सांगणे बरोबर नाही.

गौरादेवींच्या घरची स्थिती पुरस्कारांनी बदलली नाही. त्या रैणीतच राहिल्या, तीच कामे करीत राहिल्या. १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले. वन्यप्राण्यांसाठी आणि हिमालयासाठी ते आवश्यक होतेच. परंतु त्याबरोबर उद्यानाच्या आतली जंगले आणि कुरणे रैणी, लाता आणि आसपासच्या गावांना बंद झाली. मेंढ्या चरायला नेता येईनात, वनौषधी आणता येईनात, गिर्यारोहकांचे सामान वाहून मिळणारी मजुरीही गेली. ज्या गावाने जंगल वाचविले त्याच गावाला त्या जंगलात पाऊल टाकणे कठीण झाले. पुढे १९९८ साली लाता गावातून या विरुद्ध हक्कांचे आंदोलन झाले. पूर्वी ठेकेदारासाठी गावाला विचारले नव्हते, नंतर उद्यानासाठीही विचारले नाही. पहिल्या वेळी झाडे जात होती, दुसऱ्या वेळी झाडे राहत होती, एवढा फरक जरूर होता आणि तो लहान नाही. तरी जंगलाची राखण करणाऱ्यांना बाहेर ठेवून जंगल राखता येईल काय, हा प्रश्न शिल्लकच आहे.

४ जुलै १९९१ रोजी गौरादेवी गेल्या. वय ६६ वर्षांचे होते. रैणीत त्यांचे स्मारक झाले, पुतळा बसविला गेला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेच्या वरच्या भागात एका कड्याचा खडक आणि बर्फ कोसळून प्रचंड लोंढा आला. रैणीजवळचा जलविद्युत प्रकल्प आणि पूल त्यात वाहून गेला. खालच्या प्रकल्पातले मिळून दोनशेहून अधिक लोक मेले किंवा बेपत्ता झाले. त्याच वर्षी जूनच्या पावसात रैणीची जमीन खचू लागली, तेव्हा गौरादेवींचा पुतळा तेथून काढून जोशीमठला न्यावा लागला. गावच्या बायका त्या वेळी रडल्या. ज्या बाईंनी गाव सोडले नाही, त्यांचा पुतळा गाव सोडून गेला. हा लोंढा रैणीच्या जंगलतोडीमुळे आला नव्हता, हे लक्षात ठेवावे. पण हिमालयाचे उतार किती नाजूक आहेत याविषयी त्या न शिकलेल्या बाईंना जे कळले होते, ते खोटे नव्हते एवढे मात्र दिसून आले.

आपल्या शाळेसाठी

आता एक गोष्ट आमच्याविषयी. गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी काही माणसे विजेच्या तारांजवळच्या फांद्या छाटायला शाळेत आली. मागच्या भिंतीजवळ जुना कडुलिंब होता. सहावीतली एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली की ते लोक पूर्ण झाड कापीत आहेत. आम्ही काही कागदांवर सह्या करीत होतो. तास चालू आहे, वर्गात जा, असे आम्ही तिला सांगितले. घंटा झाल्यावर आम्ही बाहेर आलो तेव्हा बुंधा तेवढा उरला होता. परवानगी फक्त फांद्यांची होती. पण भांडून आता काय उपयोग होता?

रैणीची ती मुलगी आणि आमच्या दाराशी आलेली ही मुलगी यांत काही फरक नाही. फरक ऐकणाऱ्यांत होता. आम्ही त्या मुलीची वर्गात जाऊन क्षमा मागितली आहे. येथेही मागतो.

म्हणून या वनमहोत्सवापासून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या आहेत. शाळेच्या आवारात आज जी झाडे उभी आहेत त्यांची मोजणी करून प्रत्येक झाडाची नोंद एका वहीत केली जाईल आणि हे काम सहावी ते आठवीचे विद्यार्थी करतील. नवीन रोपांइतकेच महत्त्व गेल्या वर्षीच्या रोपांना राहील. प्रत्येक वर्गाकडे ठराविक रोपे असतील आणि पुढच्या जुलैत किती जगली तो आकडा याच पत्रिकेत छापला जाईल, मग तो चांगला असो की वाईट. आणि झाडाविषयी एखादा विद्यार्थी काही सांगायला आला, तर तास चालू असला तरी आधी त्याचे ऐकले जाईल.

विश्वस्त मंडळाला आमची एक नम्र विनंती आहे. नवीन खोल्यांच्या नकाशात मैदानाच्या कडेची चार झाडे येतात. खोल्या हव्यात, याबद्दल वाद नाही. मुलांना दाटीवाटीने बसावे लागते हे आम्ही रोज पाहतो. परंतु झाडांविषयीचा निर्णय होण्यापूर्वी तो एकदा पालकांच्या सभेत मांडावा आणि मुलांनाही बोलू द्यावे. कदाचित चारही झाडे जातील, कदाचित नकाशा दोन हात सरकेल. जे होईल ते सर्वांना विचारून व्हावे. रैणीला कोणी विचारले नव्हते, म्हणून गौरादेवींना बंदुकीसमोर उभे राहावे लागले. आपल्याकडे अशी वेळ येण्याचे कारण नाही. आपण एकाच समाजाची, एकमेकांना ओळखणारी माणसे आहोत.

४ जुलैला प्रार्थनेनंतर गौरादेवींच्या स्मरणार्थ आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू आणि मग झाडांच्या मोजणीला सुरुवात करू. ज्या पालकांना शक्य असेल त्यांनी अवश्य यावे. येताना जमल्यास पाण्याची एक बादली घेऊन यावे.